ब्रॅन फ्लेक्सवर विकलेला बोहदान

आम्ही आमचा मुलगा बाराव्या दिवशी शेजाऱ्याला विकला. ब्रॅन फ्लेक्सच्या एका खोक्यावर.

लगेच तोंडावर हात नेऊ नका! खोकं मोठ्या साइझचं होतं.

ही हकीगत मी मिल्टन कीन्समधल्या मराठी मंडळींना इतक्या वेळा सांगितली आहे, की आता तिच्यात एक हेलिकॉप्टर आणि दोन पोलिसी कुत्रे शिरले आहेत. आज ते बाजूला ठेवून सांगतो. (एक कुत्रा राहू दे का? नको. मांजरसुद्धा नव्हतं.)

दोन हजार तीनचा मार्च महिना. मी तेव्हा एका कंपनीत प्रोग्रॅमर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून तिथे स्वतःच्या चुका बसवत होतो. आमच्या गावात रस्ते कमी आणि राउंडअबाउट, म्हणजे चौकातले गोल वळसे, जास्त. पहिल्या वर्षी मी दूध आणायला गाडी घेऊन निघालो आणि ते नासायच्या आत घरी पोचलो, तर माझी बायको वैशाली दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी असायची. अशी हसरी मुलगी होती ती.

त्या मार्चच्या दोन वर्षं आधी आम्हाला मुलगी झाली होती. ती पोटात असतानाच आम्ही तिचं नाव ठेवलं होतं, रेवा. मी चार लाकडी इंग्रजी अक्षरं आणून खोलीच्या दारावर चिकटवली होती, तीही सरळ रेषेत यावीत म्हणून स्पिरिट लेव्हल लावून. ती अकरा तास जगली. अक्षरं मी स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढली, पण डिंक जबर होता, दाराचा रंगही चार ठिकाणी सोलून आला. त्या सोललेल्या जागा अक्षरांपेक्षा लांबून वाचता यायच्या. या परिच्छेदात विनोद नाही. शोधू नका.

तर मुलगा झाला आणि वैशालीनं जाहीर केलं, "नाव ठेवायचं नाही."

"अगं, इथे बेचाळीस दिवसांत रजिस्टर करावं लागतं!"

"मग एक्केचाळिसाव्या दिवशी बघू."

"आणि तोवर हाक काय मारायची?"

"मारायचीच नाही. नाव घेतलं की कुणाला तरी ऐकू जातं."

ती त्याला वेळच्या वेळी पाजायची, पण खिडकीबाहेर बघत. बसमधल्या अनोळखी बाईनं 'जरा धरता का' म्हणून मूल हातात द्यावं, तसं ती त्याला धरायची. बाई परत मागणारच आहे, उगाच जीव कशाला लावा, असं. हॉस्पिटलनं त्याच्या मनगटाला 'बेबी जगताप' असा पट्टा बांधला होता, तोही तिनं कापू दिला नाही. मी आपला माझ्या परीनं उपाय केला. एक्सेलमध्ये दोनशे चौदा नावांचा तक्ता बनवला! नाव, अर्थ, उगम आणि 'इंग्रज माणसाला उच्चारता येण्याची शक्यता' असे रकाने. वैशालीनं लॅपटॉप हळूच मिटला. माझं बोट आत होतं.

घरात तिसरी व्यक्ती माझी आई. कोरेगावहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली. बरोबर तेवीस किलो सामान, त्यातले एकवीस किलो डिंकाचे लाडू. तिनं आठ दिवस सुनेकडे नुसतं पाहिलं. नवव्या दिवशी चहा गाळता गाळता म्हणाली, "इकून टाका त्याला."

"कुणाला?"

"पोरग्याला. कोंड्यावर इकायचं. तुज्या आज्याचं नाव काय रं?"

"कोंडिबा."

"का?"

मला आजवर वाटत होतं, आजोबांना कोंडा झाला असेल.

"दोन भाऊ गेल्यावर झालावता त्यो. सुईनीला पसाभर कोंड्यावर इकला, तिनं नाव ठिवलं, मग त्याच्या आयनं मागून आनला. मरन दारात आलं तर सांगायचं, आमचं न्हाई बाबा, दुसऱ्याचं हाय, आमी निस्तं संभाळतोय. त्र्याऐंशी वर्षं जगला म्हातारा! शेवटी आमी कट्टाळलो."

"आई, हे इंग्लंड आहे!"

"मग? हितं मरन इंग्रजी बोलत आसंल. गिऱ्हाईक बी इंग्रजी बघू."

मी पुरोगामी माणूस आहे. मी तिथल्या तिथे अंधश्रद्धेवर अर्धा तास भाषण ठोकलं. विज्ञान, लसीकरण, एकविसावं शतक, काही म्हणून सोडलं नाही. वैशालीनं ते पूर्ण ऐकलं आणि सासूला विचारलं, "आई, विकल्यावर परत मिळतं ना?"

नऊ दिवसांत बाळाबद्दल तिनं विचारलेला तो पहिला प्रश्न. मी भाषण गुंडाळलं आणि गिऱ्हाईक शोधायला निघालो.

फार लांब जावं लागलं नाही. "खोड जुनं पायजे," आईची अट होती, "मरनानं नाद सोडलेलं." शेजारी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे युक्रेनियन गृहस्थ एकटे राहायचे, बोहदान नावाचे. जवळच्याच वीटभट्टीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. हस्तांदोलन केलं की आपल्या हातात पक्की भाजलेली वीट दिल्यासारखं वाटायचं. आईची आणि त्यांची कुंपणावरून घट्ट मैत्री होती. ती मराठीत बोलायची, ते युक्रेनियनमध्ये. ती मेथी द्यायची, ते बीट द्यायचे, आणि दोघं तासन् तास एकमेकांना पटल्यासारख्या माना हलवायचे. मला इंग्रजी येत असल्यामुळे दोघांचंही काही कळायचं नाही.

मी बिझनेस मीटिंगसारखा घसा साफ केला. म्हटलं, एक छोटंसं ट्रॅन्झॅक्शन आहे. तात्पुरतं. खिडकीतून मूल घ्यायचं, कोंडा द्यायचा. मला वाटलं, म्हातारा पोलिसांना फोन करणार. ते मात्र बागेतल्या उलट्या बादलीवर खाली बसले.

"खिडकी कुठली?" त्यांनी विचारलं.

"किचनची."

"गुड," ते म्हणाले. "माझी पण किचनचीच."

"म्हणजे?"

"मी पण. सोल्ड." आणि ते कोट घालून, सायकल काढून रेडवेवरून, म्हणजे गावातल्या सायकलवाटेनं, कोंडा आणायला निघूनसुद्धा गेले.

कोंडा म्हणून त्यांनी ब्रॅन फ्लेक्स, म्हणजे नाश्त्याला खायचे कोंड्याचे पापुद्रे, आणले. आईनं दोन चाखून बघितले. "ह्यात साखर हाय की! लई श्रीमंत कोंडा. असू दे, पोरगं बी इंग्लंडचं हाय."

बाराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता विक्री झाली. किचनमध्ये सिंकपाशी वैशाली, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. (मूल आईनंच द्यावं लागतं, हा नियम.) खिडकीबाहेर बागेत सूट-टाय घातलेले बोहदान, हातात खोकं. मधे व्यवस्थापक या नात्यानं माझी आई. आणि मी? मी अंधश्रद्धेच्या विरोधात असल्यामुळे भाग घेतला नाही. बाहेर उभा राहून नुसतं हँडीकॅमवर शूटिंग केलं.

एकच गोष्ट आम्ही विसरलो. त्याच दिवशी, त्याच वेळी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघर फिरणारी सरकारी नर्स, येणार होती, बाळ बघायला. तिचं नाव जॅनेट. आमची बेल महिनाभर बंद होती. ("उद्या बघतो," इति मी, रोज.) जॅनेटनं बिचारीनं दार वाजवलं, वाट पाहिली, आणि ती बाजूच्या फाटकातून मागे आली. तिनं काय पाहिलं असेल, ते तुम्हीच बघा. खिडकीतून एक रडणारी बाई बाळ बाहेर देतेय. एक म्हातारा नाश्त्याच्या सीरियलचं खोकं आत सरकवून ते बाळ घेतोय. एक आजीबाई खोक्याचं वजन हातावर तोलून 'बरोबर आहे' अशी मान डोलवतेय. आणि बाळाचा बाप हे सगळं हसतमुखानं शूट करतोय!

"एक्सक्यूज मी," जॅनेट म्हणाली, "इथे नक्की काय चाललंय?"

"आय बाय," बोहदान अभिमानानं म्हणाले. "दिस वन. आय बाय." आणि ठरल्याप्रमाणे बाळ घेऊन ताठ मानेनं आपल्या घराकडे निघाले.

"नो नो, जॅनेट!" मी धावलो. "इट्स ओन्ली टेम्पररी! आम्ही हे जनरली करत नाही. वुई हॅव नेव्हर सोल्ड एनीवन बिफोर!"

आजवर मी अनेक वाक्यं बोललो आहे. हे माझं सर्वांत वाईट.

आईनं परिस्थिती सावरायची म्हणून जॅनेटला खुर्ची दिली, डिंकाचा लाडू दिला आणि वाटीत ब्रॅन फ्लेक्स घालून पुढे केले. "खा बाई. पोराच्या बदल्यातलं हाय." मी भाषांतर करायला नको होतं. पण मी घाबरलो की अचूक भाषांतर करतो.

जॅनेटनं बागेत जाऊन फोन लावला. पाऊण तासात तिची साहेबीण फाईल घेऊन हजर, आणि बरोबर एक पोलीसबाई. दोघींनी माझं शूटिंग पाहिलं. दोनदा. साहेबिणीनं पेनचं टोपण काढून विचारलं, "मिस्टर जगताप, या क्षणी हे मूल कुणाचं आहे?"

एक मूल देवानं नेलं होतं. दुसरं आता कौन्सिलचं बालसंरक्षण खातं नेणार, आणि तेही बारा दिवसांचं, बिननावाचं, माझ्या शूटिंगच्या पुराव्यावर! वैशाली सिंकला धरून उभी होती. ती रडतही नव्हती. 'मला माहीत होतं' असा तिचा चेहरा होता. तो चेहरा मी दोन वर्षांपूर्वी एकदा पाहिला होता.

आम्ही सगळे मोर्चानं शेजारी गेलो. पोलीसबाईनं दार वाजवलं. दार साखळी लावून तीन बोटं उघडलं.

"सर, बाळ आमच्याकडे द्या."

"नो."

"सर, प्लीज."

"फक्त आईला. रूल आहे." आणि फटीतून एक निळा डोळा वैशालीला शोधू लागला.

माझ्या आईनं सुनेला मागून हलकेच ढोसलं. "जा पोरी. शिकवलंय तसं बोल."

वैशाली सपाता घालून, ड्रेसिंग गाऊनवर माझ्या आईची शाल पांघरून पायरीवर उभी राहिली. दाराआडून बोहदाननी खडसावून विचारलं, "हू आर यू?"

"मी... शेजारची."

"व्हॉट यू वाँट?"

"तुमच्याकडे एक मूल आहे, ऐकलं. मला... सांभाळायला देता का?"

"माझं आहे," बोहदान म्हणाले. "मी घेतलं. माझंच राहणार. नाव बोहदान. तू फक्त बघणार. नीट बघणार?"

तिनं मान हलवली. साखळी निघाली. त्या विटेसारख्या हातांनी बाळ तिच्या हातात ठेवलं. आणि तिनं पहिल्यांदाच खाली बघितलं. त्याच्या तोंडाकडे. किती वेळ बघत होती, ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या चष्म्याला काहीतरी झालं होतं. दुसऱ्याचं मूल म्हणताच तिला त्याच्यावर जीव टाकायची परवानगी मिळाली होती.

पोलीसबाईनं टोपी काढली. "बोहदान म्हणजे काय, सर?"

तेव्हा म्हाताऱ्यानं दारातच सांगितलं. बोह म्हणजे देव. दान म्हणजे दिलेला. (आई मधेच बोलली, "दान म्हंजे दानच की! कळलं मला.") त्यांच्या गावाकडे हे नाव खूप वाट पाहून झालेल्या पोराला ठेवायचे. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथे हे. त्यांच्या आईनं यांना खिडकीतून एका भिकारणीला विकलं. भिकारीण म्हणाली, याला बोहदान म्हण. देवानं दिलंय असं रोज देवाला ऐकवत राहा, म्हणजे परत मागायची त्याला लाज वाटेल.

"मग?" जॅनेट. तिच्या गालात डिंकाचा लाडू तसाच होता.

"मग मी जगलो. सतराव्या वर्षी जर्मन आले, कामाला धरून नेलं. लढाई संपली, छावणीत राहिलो, मग इकडे. विटा." त्यांनी हात पालथे करून दाखवले. "माझ्या आईनं मला मरणापासून लपवलं. इतकं छान लपवलं, की तिला पण परत सापडलो नाही."

साहेबिणीनं पेनला टोपण लावलं.

तरी फाईल झालीच. कौन्सिलची माणसं चार महिने येत-जात राहिली, आणि दर वेळी आईनं त्यांना इतकं खायला घातलं की फाईलपेक्षा ती माणसंच जाड झाली. एक्केचाळिसाव्या दिवशी मी रजिस्ट्रारसमोर बसलो. आदल्या दिवशी ऑफिसात इंटरनेटवर खात्री करून घेतली होती: नाव स्लाव्ह, फार जुनं, अर्थ देवानं दिलेला. म्हणजे आपला देवदत्तच, फक्त थंडीचा कोट घातलेला. माझ्या तक्त्यात दोनशे पंधरावी ओळ पडली. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: इंग्रज सोडा, सातारकरांनाही उच्चारता येणार नाही.

बोहदान सुनील जगताप. मंडळाच्या गणपतीत लोक विचारायचे, "नाव काय म्हणालात?" मी मूळ, उगम, अर्थ, सगळं सांगायचो. ते म्हणायचे, "छान, छान. पण खरं नाव काय?"

वैशालीनं मात्र ते नाव कधीच घेतलं नाही. पिल्लू, राजा, सोन्या, सगळं म्हणायची, पण ते नाही. "मूल त्यांचं, हाक त्यांनीच मारायची." आणि ते मारायचे! रोज दुपारी कुंपणापलीकडून 'बोहदाऽऽन' अशी खणखणीत हाक यायची आणि आमचा बोहदान हातातलं सगळं टाकून पळायचा. दोघं मिळून बीट उपटायचे. माझ्या मुलाचा पहिला स्पष्ट शब्द युक्रेनियन होता. तो काय होता, ते मला अजून माहीत नाही. म्हातारबा सांगायचे नाहीत, नुसते हसून लाल व्हायचे. शिवी असावी.

पाच वर्षांनी, दोन हजार आठच्या ऑक्टोबरात, दुपारची हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. आमच्याकडे त्यांची किल्ली होती. ते खुर्चीतच होते, सूट-टाय घालून. कुठे जायचं होतं, कुणास ठाऊक.

दफनाला बाहेरगावाहून एक कोच बस भरून म्हातारी युक्रेनियन मंडळी आली. सगळी वीटभट्टीवाली, सगळी तशाच हातांची. बोहदानांचं स्वतःचं असं इथे कुणीच नव्हतं, म्हणून आम्हाला पुढे उभं केलं. मी, वैशाली आणि पाच वर्षांचा आमचा बोहदान, शाळेचा स्वेटर घालून. कोरेगावहून आईचा फोन आला होता, "पोराला सुतक हाय बरं का. मालक गेला त्याचा." फोनवर तिला पुढे बोलता आलं नव्हतं.

पाद्री लांब दाढीचे. त्यांनी धूप ओवाळला, गंभीर आवाजात प्रार्थना सुरू केली आणि मृताचं नाव घेतलं, "बोहदान."

"हिअर, मिस!"

सगळ्यांच्या माना वळल्या. आमचं कार्टं शाळेतल्या हजेरीसारखा हात वर करून उभं! मी त्याचा हात खाली ओढला. पाद्रीबाबांनी पुन्हा नाव घेतलं.

"हिअर, मिस!" या वेळी जोरात. मिसला ऐकू गेलं नसावं, असं त्याला वाटलं असणार.

मागं कुणीतरी फसकन हसलं आणि तसंच रडायला लागलं. तिसऱ्यांदा नाव आलं, तेव्हा मात्र माझा मुलगा हात सोडवून चालू लागला. तीनदा बोलावलं म्हणजे पुढे जायचं, हा त्यांच्या वर्गाचा नियम. पुढे ओली माती, फळी आणि तो खड्डा. मी जागचा हललो नाही. (अशा वेळी माझे पाय नेहमीच भाषणाच्या तयारीत असतात.)

"बोहदान!"

वैशाली ओरडली. सबंध दफनभूमीला ऐकू जाईल अशी. कुणाला ऐकू जाईल, याची फिकीर न करता. "बोहदान! मागे फिर! बोहदान, इकडे ये माझ्याकडे!"

तो कडेपाशी थबकला. वळून तिच्याकडे डोळे विस्फारून बघत राहिला.

"मम्मा," तो म्हणाला, "तू माझी नाव बोलला!"

ती चिखलात गुडघ्यांवर बसली, त्याला कवेत घेतलं आणि पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिली. आता हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पाद्रीबाबा थांबले. त्यांचं नाव घेऊन झालं होतं, तिचं अजून चाललं होतं, तर ते तिच्यासाठी थांबले.

आणि मी? मी इतका रडलो की आवाज यायला लागला. रेवाच्या वेळी रडलो नव्हतो, स्क्रूड्रायव्हर हातात होता म्हणून. ते सगळं त्या दिवशी निघालं, थांबेचना. ते बघून कोचमधली सगळी मंडळी रांग लावून माझ्या सांत्वनाला आली. चाळीस म्हाताऱ्यांनी एकेक करून माझे गाल धरले, मुके घेतले, न कळणाऱ्या भाषेत काहीबाही सांगितलं, आणि मी प्रत्येकाला कळल्यासारखी मान हलवली. शेवटी जाड भिंगांच्या एक आजी आल्या. त्यांनी माझा चेहरा हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, नीट निरखला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "रडू नको बाळा. नाक अगदी तुझ्या वडिलांचं आहे."

मी पाच फूट चार इंच, वर्णानं तव्यासारखा, मूळ मुक्काम पोस्ट कोरेगाव, जिल्हा सातारा.

"हो," मी हुंदका देत म्हणालो, "सगळे असंच म्हणतात."